एक्स-रेमध्ये पोटात हवा, पण पोट दुखत नाही: ऑपरेशन करायचं की थांबायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आईचं वय ६७, बरीच वर्षं मधुमेह. महिनाभर खोकला जात नव्हता म्हणून छातीचा एक्स-रे काढला आणि त्यात उजव्या श्वासपटलाखाली (छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्याखाली) हवा दिसली. पोट थोडं फुगल्यासारखं वाटतं, पण दुखत नाही. ताप नाही, उलटी नाही, जेवण चालू आहे, संडास होते. एका सर्जननी सांगितलं, "आतडं फुटलंय, आजच पोट उघडावं लागेल." दुसरे म्हणाले, "दाखल करा, सीटी करू, पोट मऊ राहिलं तर थांबू." यातलं कोणाचं ऐकायचं?

तुम्ही लिहिलंय ते तसंच असेल, तर दुसऱ्या सर्जनचा रस्ता मला बरोबर वाटतो. पण त्यांचं पहिलं वाक्य "दाखल करा" हे आहे, ते सुटू देऊ नका. घरी नेऊन वाट पाहणं यात बसत नाही. सर्जन रात्रीही येऊ शकतात, सीटीची सोय आहे आणि ऑपरेशन थिएटर त्याच आवारात आहे, अशा ठिकाणी त्यांना आजच दाखल करा. बाकीचं उत्तर त्यांच्या खाटेशेजारी बसून वाचलंत तरी चालेल.

पहिल्या सर्जनबद्दल मनात किंतु ठेवू नका. श्वासपटलाखाली हवा दिसली की शंभरातल्या नव्वदच्या आसपास रुग्णांमध्ये जठराला किंवा आतड्याला खरोखरच छिद्र पडलेलं असतं, आणि त्यांतले बहुतेक वेळेवर ऑपरेशन मिळालं तरच वाचतात. २०१३ मध्ये डेन्मार्कमधला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. अल्सर फुटलेल्या अडीच हजारांहून जास्त रुग्णांची माहिती त्यात होती. ऑपरेशनला होणाऱ्या उशिराच्या प्रत्येक तासामागे वाचण्याची शक्यता सरासरी २.४ टक्क्यांनी कमी होत गेल्याचं त्यात दिसलं. हे मनात पक्कं बसलेला सर्जन ती प्लेट पाहून घाई करतो, ती तुमच्या आईच्या काळजीपोटीच.

तरीही ऑपरेशन हवेवर नसतं. हवा स्वतः फारसं काही करत नाही. आम्ही दुर्बिणीतून पित्ताशय काढतो तेव्हा दोन-तीन लिटर कार्बन डायऑक्साइड मुद्दाम पोटात भरतो आणि रुग्ण दुसऱ्या दिवशी घरी जातो. क्षयावर पुरेशी औषधं नव्हती त्या काळात, १९३० ते १९५० च्या दशकांत, फुप्फुसाला विश्रांती मिळावी म्हणून जगभरातल्या सॅनेटोरियममध्ये सुईने पोटात हवा सोडायचे, ती जिरली की पुन्हा भरायचे, आणि हे महिनोन्महिने चालायचं. हवेने माणूस दगावत असता तर हे शक्यच झालं नसतं. (अपवाद एक: हवा इतकी साठते की पोट ताठ होतं, श्वास अडतो आणि रक्तदाब कोसळतो. तेव्हा सुई घालून हवा तिथल्या तिथे सोडावी लागते. अशी वेळ क्वचित येते आणि आली तर डोळ्यांना दिसते.) माणूस दगावतो तो हवेबरोबर बाहेर पडलेल्या आम्लाने, पित्ताने, मळाने. म्हणून प्रश्न दोनच उरतात: हवा कुठून आली, आणि तिच्याबरोबर आणखी काही बाहेर पडतंय का? आईच्या बाबतीत पुढचे दोन दिवस या दोनच प्रश्नांची उत्तरं शोधण्यात जायला हवेत.

खरं फुटलेलं पोट कसं असतं ते सांगते, म्हणजे तुमच्या आईपेक्षा ते किती वेगळं असतं हे कळेल. आमच्याकडे येणारा नेहमीचा रुग्ण म्हणजे कष्टाचं काम करणारा मध्यमवयीन माणूस. तंबाखू आहे, अंग दुखतं म्हणून दुकानातून आणलेल्या गोळ्या उपाशीपोटी घेतो. त्याला विचारलं, कधी दुखायला लागलं, तर तो "दोन-तीन दिवसांपासून" असं म्हणत नाही. "पहाटे म्हशीला वैरण टाकत होतो तेव्हा," असं सांगतो. इतकी ती वेळ नेमकी असते. तो खाटेवर गडबडा लोळत नाही, गुडघे दुमडून निपचित पडून राहतो, कारण हललं की कळ येते. श्वास वरवरचा. पोटावर हात ठेवला की हाताखाली जराही दबत नाही. खांद्याच्या टोकाला दुखतं असंही काही जण सांगतात, कारण श्वासपटलाची नस मानेतून येते. उजव्या बरगड्यांच्या खालच्या भागावर बोटाने ठोकलं तर यकृतामुळे तिथे बद्द आवाज यायला हवा, त्याऐवजी पोकळ येतो. विषमज्वरातलं छिद्र वेगळ्या चालीचं असतं: दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, ताप चालू असतानाच, लहान आतड्याच्या शेवटच्या हातभर भागात पडतं आणि दुखणं आधीच्या आजारात मिसळून जातं. क्षय, अपेंडिक्स, मोठ्या आतड्याची गाठ, गिळलेलं माशाचं हाड, पोटाला लागलेला मार, अशी यादी लांबवता येईल, पण त्या सगळ्यांत पोट बहुतेक वेळा कुठेतरी बोलतं.

आता तुमच्या आईच्या एक्स-रेकडे वळू. ती खरंच मोकळी हवा, म्हणजे आतड्याबाहेर पोटाच्या पोकळीत सुटलेली हवा आहे का, हे आधी ठरायला हवं. काही जणांचं मोठं आतडं यकृत आणि श्वासपटल यांच्या मधे सरकून बसलेलं असतं. व्हिएन्नातले रेडिओलॉजिस्ट चिलाइडिटी यांनी १९१० मध्ये याचं वर्णन केलं आणि आजही त्यांच्याच नावाने ते ओळखलं जातं. त्या हवेत नीट पाहिलं तर आतड्याच्या घड्यांच्या आडव्या रेघा दिसतात. मोकळ्या हवेत त्या नसतात. श्वासपटलाखालची चरबी, फुप्फुसाच्या तळाशी पडलेली एखादी आडवी सुरकुती, यकृताजवळचा गळू, हेसुद्धा फसवतात. आणि श्वासपटलाखाली डाव्या बाजूला जठरातली हवा तर सगळ्यांच्याच दिसते, म्हणून आम्ही उजवीकडचीच जास्त गांभीर्याने घेतो.

एक्स-रे कसा काढला तेही विचारा. ताठ बसवून किंवा उभं करून पाच-दहा मिनिटं तसंच ठेवलं आणि मग काढला, तर अगदी थोडी हवाही दिसू शकते. १९७१ च्या एका प्रयोगात एक मिलिलिटर हवा अशा पद्धतीने टिपता आली होती. झोपवून काढलेल्या प्लेटमध्ये मात्र बरीच हवा असूनही निसटते. बसता येत नसेल त्या रुग्णाला डाव्या कुशीवर वळवून काढतात, म्हणजे हवा यकृताच्या बाहेरच्या कडेला येते. आमच्या भागात रात्री दोन वाजता स्ट्रेचरवरच प्लेट उरकली जाते आणि "हवा नाही" असा निरोप येतो, म्हणून हे सगळ्यांना सांगते. एक्स-रेत हवा नाही म्हणून छिद्र नाही असं कधीच म्हणू नये. खात्रीने छिद्र असलेल्या रुग्णांतही बऱ्याच जणांच्या साध्या एक्स-रेत ती दिसत नाही.

समजा ती मोकळी हवाच आहे. मग छिद्राशिवाय ती पोटात शिरण्याच्या वाटा कोणत्या? पुष्कळ आहेत, आणि त्यांचा माग रुग्णाशी बोलूनच लागतो.

सगळ्यांत सोपी वाट अलीकडची शस्त्रक्रिया किंवा तपासणी. पोट उघडून ऑपरेशन झालं असेल तर हवा आठवडाभर, कधी त्याहून जास्त दिवस राहते, बारीक अंगकाठीच्या माणसात आणखी रेंगाळते. दुर्बिणीच्या ऑपरेशनमधला वायू बहुतेकदा तीनेक दिवसांत जिरतो. पोटातून डायलिसिस, जठरात बाहेरून घातलेली नळी, कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी), हेही विचारायचं. कोलोनोस्कोपीनंतरची हवा मात्र निरुपद्रवी समजून सोडायची नसते, तिथे छिद्र असण्याची शक्यताही तितकीच खरी असते.

दुसरी वाट छातीतून. तुमच्या आईला महिनाभर खोकला आहे हे तुम्ही ओझरतं लिहिलंय, पण मला ते महत्त्वाचं वाटतं. १९४४ मध्ये मॅकलिन या डॉक्टर दांपत्याने दाखवलं, की जोराच्या दाबाने फुप्फुसातला बारीक वायुकोश फुटला तर हवा रक्तवाहिन्यांच्या वेष्टणाच्या कडेकडेने छातीच्या मध्यभागी येते आणि तिथून श्वासपटलातल्या वाटांनी पोटात उतरू शकते. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत, छाती दाबून जीव वाचवलेल्यांत, दम्याच्या जोरदार झटक्यात हे घडतं. खोकल्यानेही घडू शकतं. म्हणून सीटी पोटाबरोबर छातीचाही काढून घ्या असं मी सुचवीन. छातीच्या मध्यभागी हवा दिसली तर उलगडा तिथेच होतो.

तिसरी वाट बायकांची, आणि तिच्याबद्दल विचारायला डॉक्टरही संकोचतात. योनीमार्ग, गर्भाशय, गर्भनलिका आणि पोटाची पोकळी हा सलग उघडा रस्ता आहे. १९१९-२० च्या सुमारास न्यूयॉर्कचे रुबिन यांनी याच रस्त्याने वायू सोडून नलिका उघड्या आहेत की बंद हे तपासायची पद्धत काढली. वायू पोटात पोचला की बाईला खांद्यात दुखायचं आणि एक्स-रेत श्वासपटलाखाली तो दिसायचा. शरीरसंबंधानंतर, किंवा बाळंतपणानंतर गुडघे-छाती टेकून करायच्या व्यायामानंतर अशी हवा शिरल्याच्या नोंदी आहेत. तरुण मुलीच्या बाबतीत हा प्रश्न सासू-नवरा बाहेर गेल्यावर, नर्सला जवळ ठेवून, हळू आवाजात विचारला तर एक मोठं ऑपरेशन टळू शकतं. आईच्या वयात मात्र याच भागातली एक वेगळी गोष्ट मनात ठेवायला हवी: गर्भाशयाचं तोंड आक्रसून आत पू साठतो आणि कधी गर्भाशय फुटतं. तेव्हा हवाही दिसते आणि ऑपरेशनही लागतंच. अंगावरून पांढरं किंवा दुर्गंधीयुक्त जातंय का, हे आईला तुम्ही नाही, बहिणीने किंवा पत्नीने विचारा.

चौथ्या वाटेपाशी मी जरा जास्त थांबणार आहे, कारण तुमच्या वर्णनाला ती सगळ्यांत जुळते. आईच्या साखरेच्या गोळ्यांच्या पाकिटावर काय छापलंय ते बघा. वोग्लिबोज किंवा अकार्बोज हे नाव आहे का? आपल्याकडे मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि वोग्लिबोज अशी तिन्ही औषधं एकाच गोळीत येतात, त्यामुळे घरच्यांना ते वेगळं माहीतच नसतं. हे औषध पिष्टमय पदार्थ लहान आतड्यात फुटू देत नाही. न पचलेलं अन्न मोठ्या आतड्यात जातं, तिथले जिवाणू ते आंबवतात आणि वायू तयार होतो, त्यात हायड्रोजनचं प्रमाण मोठं. पोट फुगतं, गुडगुडतं, हे सगळ्यांना माहीत आहे. थोड्या लोकांत मात्र हा वायू आतड्याच्या भिंतीत शिरून तिथेच फुगे धरतो. याला न्यूमॅटोसिस म्हणतात. या औषधांशी त्याचा संबंध दाखवणाऱ्या बऱ्याच नोंदी जपानमधून आल्या आहेत. ऑपरेशनमध्ये असं आतडं समोर आलं की भिंतीवर भिजवलेल्या साबुदाण्यासारखे दाणे दिसतात, काही त्याहून बरेच मोठे. बोटाने दाबलं तर करकर जाणवते. यातला बाहेरच्या बाजूचा एखादा फुगा फुटला की हवा पोटात येते, पण आतड्याच्या आतल्या पोकळीशी त्याचा संबंध नसतो, त्यामुळे मळ बाहेर पडत नाही. हवा आहे, पू नाही. पोट मऊ राहतं, माणूस जेवतो-खातो. दीर्घकाळचा दमा, फुप्फुसाचे जुने आजार, स्क्लेरोडर्मा (त्वचा आणि आतले अवयव कडक होण्याचा आजार), स्टिरॉइड, लॅक्ट्युलोज (बद्धकोष्ठतेचं औषध) यांच्याबरोबरही हा प्रकार दिसतो, आणि कधी कशाहीशिवाय दिसतो.

हाच न्यूमॅटोसिस शब्द सीटीच्या रिपोर्टमध्ये आतड्याचा रक्तपुरवठा तुटल्यावरही येतो, आणि ते प्रकरण जिवावरचं असतं. फरक रुग्णाकडे आणि रक्ताकडे पाहून कळतो. पोटात असह्य दुखतंय, लॅक्टेट (शरीराला रक्त कमी पडलं की रक्तात वाढणारं आम्ल) चढलंय, रक्त आम्लधर्मी झालंय, यकृताच्या शिरांमध्ये हवा दिसतेय, सीटीसाठी शिरेतून दिलेलं औषध आतड्याच्या भिंतीत पोचत नाही, यातलं काही असेल तर थांबायची बातच नाही.

पाचवी गोष्ट, लहान आतड्याला फुग्यासारख्या पिशव्या असतात काहींना. त्यातूनही न दुखता हवा झिरपते. आणि शेवटी, सगळं शोधूनही कारण न सापडणारे थोडे रुग्ण उरतातच. पण "कारण अज्ञात" हा शिक्का सगळ्या तपासण्यांच्या शेवटी मारायचा असतो, पहिल्या दिवशी नाही.

आता ज्याची मला खरी धास्ती वाटते ते सांगते. मऊ पोट नेहमी खरं बोलत नाही. स्टिरॉइड घेणारा माणूस, केमोथेरपी चालू असलेला, फार म्हातारा, वर्षानुवर्षांचा मधुमेही, मणक्याला मार लागलेला, बेशुद्ध, दारूच्या अमलातला, या सगळ्यांत आतडं फुटूनही पोट शांत राहू शकतं. स्टिरॉइडवरच्या रुग्णाच्या मोठ्या आतड्याचा भाग फुटलेला असतो आणि तो "जरा बरं वाटत नाही" इतकंच म्हणतो. तुमच्या आई ६७ वर्षांच्या आणि मधुमेही, म्हणजे या यादीत त्यांचा एक पाय आहेच. म्हणून त्यांना सांधेदुखीसाठी कुठल्या पुड्या चालू आहेत का, हे आवर्जून विचारा. अशा काही पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं आणि घरचे त्याला "साधं जडीबुटीचं औषध" म्हणून सांगतही नाहीत. त्या पुड्या पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा, आणि त्या एकदम बंद करायच्या की नाही ते त्यांनाच ठरवू द्या. खूप दिवस घेतलेलं स्टिरॉइड अचानक तोडलं तर तेही घातक असतं.

या भीतीमुळेच सीटी हवाच. सीटी करायच्या आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) बघतात. ते जास्त असेल तर शिरेतून द्यायच्या औषधाबद्दल आणि मेटफॉर्मिन थांबवण्याबद्दल डॉक्टर ठरवतील. शक्य असेल तर तोंडातून पाण्यात विरघळणारं कॉन्ट्रास्ट, म्हणजे सीटीत उठून दिसणारं औषध देऊन सीटी करतात, म्हणजे गळती चालू असेल तर ते बाहेर आलेलं दिसतं. छिद्राची शंका असताना बेरियम द्यायचं नाही, ते पोटात सांडलं तर मोठा त्रास होतो. रेडिओलॉजिस्टना एक विनंती करा: पोटाच्या चित्रांबरोबर फुप्फुसाच्या सेटिंगवरही ती चित्रं पाहावीत. नेहमीच्या सेटिंगमध्ये चरबीही काळी दिसते आणि हवाही काळी. फुप्फुसाच्या सेटिंगमध्ये चरबी राखाडी होते, हवा काळीच राहते आणि आतड्याच्या भिंतीतले बारीक बुडबुडे एका रांगेत उठून दिसतात. रिपोर्टमध्ये मी हे शोधते: यकृताभोवती आणि जठराजवळ हवा जमली असेल तर वरच्या भागाचा संशय, ओटीपोटात आणि आतड्याच्या पदरात बुडबुडे असतील तर मोठ्या आतड्याचा. भिंत कुठे जाड झालीय का, आजूबाजूची चरबी धुरकट झालीय का, आणि पाणी आहे का. हवा भरपूर, पाण्याचा थेंब नाही, भिंत सगळीकडे नीट, असा रिपोर्ट आला की माझा जीव खाली पडतो. हवा थोडी, पण पाणी आणि धुरकटपणा दोन्ही असतील, तर हवेचं प्रमाण कमी आहे या गोष्टीला काही किंमत नाही.

सीटी दिलासा देणारा आला तर थांबायचं. पण थांबणं म्हणजे काय, हे नीट ठरलेलं असायला हवं, कारण आपल्याकडे "ऑब्झर्व्हेशनला ठेवलंय" याचा अर्थ बरेचदा सलाईन लावून दुसऱ्या दिवशीच्या राउंडपर्यंत कोणी न बघणं असा होतो. ते नको. तोंडाने काही नाही, सलाईन, गरज वाटली तर नाकातून जठरात नळी. लघवीचा तासातासाचा हिशोब. पहिल्या दिवशी दर तीन-चार तासांनी पोट तपासायचं, आणि शक्यतो एकाच माणसाने. तीन वेगवेगळ्या डॉक्टरांनी लिहिलेलं "सॉफ्ट" हे तीन वेगळे अर्थ असतात. एकाच हाताला दुपारच्या आणि रात्रीच्या पोटातला फरक कळतो. तपासताना मी रुग्णाशी गावाकडच्या पावसाबद्दल बोलते आणि बोलता बोलता स्टेथोस्कोपने दाबते, चेहऱ्याकडे बघत. मग खोकायला सांगते. खोकताना हात आपोआप पोटाच्या एका ठिकाणी गेला, तर ते ठिकाण मी पेनाने खूण करून ठेवते. पांढऱ्या पेशी, सीआरपी (अंगातला दाह दाखवणारी रक्ततपासणी), लॅक्टेट बारा तासांनी पुन्हा.

नाडी वाढणं ही धोक्याची पहिली खूण असते. पण आईला रक्तदाबासाठी अटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉलसारखी गोळी असेल तर नाडी वाढेलच असं नाही, हे नर्सपर्यंत पोचलेलं असू द्या. पॅरासिटामॉल चालू असेल तर ताप झाकला जातो. मधुमेही माणसाची एरवी आटोक्यात असलेली साखर काही कारण नसताना चढायला लागली, तर मी ती पोटातली बातमी समजते. आणि दुखायला लागलं तर वेदनाशामक द्यायला डॉक्टरांनी घाबरू नये; नीट मात्रेत दिलेल्या इंजेक्शनने पोटाची तपासणी बिघडत नाही, उलट रुग्ण सहकार्य करतो. फक्त घरच्यांनी डब्यातली गोळी गुपचूप देऊ नये.

अँटिबायोटिक द्यायचं का, यावर सर्जनांमध्ये मतभेद आहेत. छिद्राची शंका जिवंत असेल तोवर मी सुरू करते, आणि हवा निव्वळ हवा आहे हे ठरलं की बंद करते. न्यूमॅटोसिस असेल तर वोग्लिबोज थांबवून साखरेची दुसरी सोय करायची. काही जण मेट्रोनिडॅझोल आणि काही दिवस ऑक्सिजन देतात. ऑक्सिजनमुळे रक्तातल्या इतर वायूंचा दाब उतरतो आणि फुग्यातला वायू जिरायला मदत होते.

थांबण्यालाही मर्यादा असते, याचा चांगला धडा हाँगकाँगच्या एका अभ्यासाने दिला. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात अल्सर फुटल्याचं निदान झालेले ८३ रुग्ण होते. त्यातल्या ४० जणांना आधी ऑपरेशनविना, नळी, सलाईन आणि औषधांवर ठेवलं, उरलेल्यांचं लगेच ऑपरेशन केलं. त्या ४० पैकी ११ जणांचं, बारा तासांत सुधारणा दिसली नाही म्हणून, ऑपरेशन करावं लागलं. त्यांतल्या बाकीच्यांना चाकू लावावा लागला नाही, आणि दोन्ही गटांत मृत्यूचं प्रमाण सारखंच राहिलं. छिद्र पडलेलं असतानाही ओमेंटम, म्हणजे पोटातला चरबीचा पडदा, जाऊन चिकटतो आणि ते बुजवतो. शरीराची ही ताकद खरी आहे. पण त्याच अभ्यासात सत्तरीच्या पुढच्या रुग्णांना या उपचाराचा फायदा कमी झाला. म्हणजे ज्यांना ऑपरेशन झेपणार नाही म्हणून आपण थांबतो, नेमकी त्याच वयाची माणसं थांबण्याने कमी सुधारतात. म्हणून आईच्या वयात मी बारा तासांचीही चैन करणार नाही. पोट दाबल्यावर दुखायला लागलं, नाडी शंभराच्या वर टिकली, लघवी घटली, लॅक्टेट चढलं, यातलं एक जरी झालं तरी निर्णय बदलायचा. आणि तो रात्री तीनला बदलावा लागला तर रात्री तीनला. सही करण्यावरून त्या क्षणी घरात चर्चा सुरू व्हायला नको. आजच सगळ्यांशी बोलून ठेवा, पुण्या-मुंबईच्या भावाशीसुद्धा.

ऑपरेशनची वेळ आलीच तर आधी दुर्बिणीने बघता येईल का, हे विचारा. सीटीने संशय फिटला नाही पण रुग्ण स्थिर आहे, अशा वेळी लॅपरोस्कोपी हा चांगला मधला मार्ग आहे. एक सेंटिमीटरच्या छिद्रातून आत काय आहे ते कळतं, अल्सरचं छिद्र असेल तर दुर्बिणीनेच ओमेंटमचा तुकडा लावून शिवता येतं, आणि काहीच नसेल तर माणूस लवकर उठून बसतो. "उघडून बघितलं, काही निघालं नाही, बरं झालं," असं आपण सहज म्हणतो, पण छातीपासून बेंबीखालपर्यंतची जखम मधुमेही बाईला स्वस्त पडत नाही. टाके पिकतात, हर्निया होतो, आतडी चिकटतात आणि पुढे कधीतरी अडतात. आणि न्यूमॅटोसिसचं आतडं घाबरून कापून काढलं, तर आतडं जोडलेली जागा गळण्याचा धोकाही विनाकारण ओढवतो.

डॉक्टरांशी बोलताना "ऑपरेशन करू का नको" असं विचारू नका, त्याने ते एकतर बचावात जातील किंवा निर्णय तुमच्यावर टाकतील. त्याऐवजी विचारा: तुमच्या मते हवा कुठून आली असेल? सीटीत पाणी आहे का? रात्री पोट कोण तपासणार? कशाने तुमचं मत बदलेल? या चार प्रश्नांना सरळ उत्तरं देणारा सर्जन, तो कापा म्हणो की थांबा, विश्वास ठेवण्यासारखा असतो. आणि त्या दवाखान्यात रात्री तपासणारं कोणी नसेल, तर पोट मऊ असतानाच, रुग्णवाहिकेत नीट बसता येतंय तोवर, जिल्ह्याच्या किंवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात हलवा. बिघडल्यावर हलवलेला रुग्ण वाटेतच निम्मा हरलेला असतो.

सगळं ठीक राहिलं तर चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांनी पाणी, मग पेज, मग मऊ भात, असं सुरू होईल. घरी आल्यावर पहिला आठवडा पोटदुखी, ताप, उलटी यांतलं काहीही झालं तर फोनवर सल्ला न मागता थेट त्याच रुग्णालयात जा. एक-दोन आठवड्यांनी पोट तपासून घ्या. न्यूमॅटोसिस निघाला असेल तर कोलोनोस्कोपी पुढे लागू शकते, पण ती सगळं निवल्यावर, आणि करणाऱ्या डॉक्टरांना आधी हा इतिहास सांगून, म्हणजे ते आत हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड आणि तोही बेताने सोडतील. खोकल्याचा तपास मात्र यात राहून जाऊ देऊ नका. मूळ तक्रार तीच होती, आणि महिन्याभराच्या खोकल्याला आपल्याकडे थुंकीची क्षयाची तपासणी लागतेच.

काही जणांच्या पोटात ही हवा महिनोन्महिने राहते. पुढे कधी खोकल्यासाठी किंवा दाताच्या ऑपरेशनआधी छातीचा एक्स-रे निघाला, तर तिथला डॉक्टर ती पाहून हाच गोंधळ पुन्हा सुरू करील. म्हणून डिस्चार्ज कार्डावर निदान सविस्तर लिहून घ्या, सीटीची सीडी आणि जुनी प्लेट एकाच पाकिटात ठेवा, कार्डाचा फोटो घरातल्या सगळ्यांच्या मोबाईलमध्ये असू द्या, आणि वोग्लिबोज चालू असताना न्यूमॅटोसिस निघाला असेल तर ते पुन्हा सुरू करू नये ही ओळ त्यावर ठळक लिहून मागा.